नऊ हौद, भरून

कियांबोगो
गुरुवार, ६ मार्च २०२५

बाबा गिथाइगा,

मंगळवार, ४ मार्च, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. हीच ती वेळ. भिंतीवरच्या घड्याळात मी स्वतः पाहिली, कारण मॅनेजर न्जोगू यांनी मला समारंभाला बोलावून शेवटच्या रांगेत बसवलं होतं आणि तिथून घड्याळाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. त्या क्षणी तू तुझ्या पुलाचं, म्हणजे जुनी आणि नवी यंत्रणा जोडणाऱ्या त्या पेटीचं, बटण दाबलंस. फादरनी पवित्र पाणी शिंपडलं, शहाणपणाने पेटीपासून हातभर लांब. टाळ्या झाल्या. दुपारी माझ्या घरी येऊन तू दोन ताटं मुकिमो खाल्लास, वर आव्होकाडो मागितलास आणि नैरोबीला निघून गेलास.

मागे काय झालं ते आता वाच.

तुझं बटण दाबून अर्धा तास झाला आणि चहाचं पान सुकवायच्या दहाव्या हौदाचा पंखा बंद पडला. त्यात आदल्या संध्याकाळचं बाराशे किलो पान पसरलेलं होतं. जाळीखालून वारा आला नाही की ओलं पान काय करतं, हे तुझ्या पुस्तकात नसेल, म्हणून सांगते. ते तापतं. मग लाल होतं. मग त्याला आंबलेल्या पोरिजसारखा वास येतो. हौदांवर काम करणाऱ्या न्यांबुराला तो वास दहा वाजता आला. ती धावत ऑफिसात गेली. न्जोगू म्हणाले, "पडद्यावर सगळे हिरवे दिवे आहेत. जा, काम कर." तिने हाताने पंखा चालू करायची किल्ली मागितली. ते म्हणाले, "आता हाताचं काम संपलं, न्यांबुरा. म्हणून तर हे सगळं बसवलं." मग ती एकटी फावडं घेऊन बाराशे किलो पान दुपारपर्यंत वरखाली करत राहिली. ते वाचलं नाही.

बुधवारी तिला निलंबनाचं पत्र मिळालं. कारण लिहिलंय, "पंखा चालू ठेवण्यात हलगर्जी". बावीस वर्षं त्या हौदांवर काम केलेल्या बाईला. तिला कामावर मी घेतलं होतं आणि सुकवणीतलं सगळं मी शिकवलं होतं. शुक्रवारी, १४ मार्चला सकाळी दहा वाजता शेतकऱ्यांच्या समितीपुढे तिची चौकशी आहे. दोषी ठरली तर नोकरी गेली.

मी एकतीस वर्षं त्या कारखान्याची वीज आणि यंत्रं सांभाळली. पंखा आपोआप बंद पडत नाही हे मला कळतं. तुझ्या पुलाने दहावा हौद सोडला कसा, ते मला कळवायचं. फोन करू नकोस, फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं. शाळेत आमच्या सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, ज्याला लिहून देता येत नाही त्याने ते बोलू नये.

हे पत्र सकाळच्या मटाटूच्या कंडक्टरकडे देते आहे. तो तुझ्या ऑफिसच्या कोपऱ्यावर थांबतो. उत्तर त्याच्याच हाती पाठव.

तुझी मावशी,
फिलोमेना न्यागुथी

ता. क. तू माझ्या वडिलांचं नाव लावतोस, म्हणून मायन्यात 'बाबा' लिहावं लागतं. नाहीतर दुसरे शब्द तयार होते.


नैरोबी
शनिवार, ८ मार्च

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. मुकिमो दोन नाही, अडीच ताटं होता. खोटं कशाला लिहू?

आधी एक कबुली: हे पत्र मी लिहिलेलंच नाही. आमच्या साहेबांनी सांगितलंय की कियांबोगोच्या बाबतीत कोणालाही लेखी काही द्यायचं नाही. तेव्हा तू हे वाचलंही नाहीस.

आता पुलाबद्दल. तुमच्या शेडमध्ये हौदांमधून फिरणारी जुनी दोन तारांची लाइन आहे. प्रत्येक हौदाच्या पेटीला त्या लाइनवर एक क्रमांक आहे, म्हणजे पत्ता. बॉयलरकडे आणि ऑफिसात नवं जाळं टाकलंय, त्याची बोलायची रीत वेगळी आणि वेग हजारपट. दोघं एकमेकांचं अक्षरही समजत नाहीत. माझा पूल मधे बसतो, प्रार्थनेच्या पुस्तकाएवढी पेटी. तो जुन्या लाइनवर एकेकाला हाक मारतो, "एक नंबर, कसा आहेस? पान किती गरम? पंखा किती?" उत्तर आलं की ते नव्या भाषेत पलीकडे मांडतो. मग दोन नंबर, मग तीन. पहिला पाऊण तास कोणीच उत्तर देईना, तेव्हा कळलं की दोन तारा मीच उलट लावल्या होत्या. हे कोणाला सांगू नकोस. त्या सुलट केल्या आणि सगळे पोपटासारखे बोलायला लागले.

सगळे म्हणजे नऊ. मावशी, पुलाला आपण जेवढे पत्ते सांगू तेवढ्यांनाच तो हाक मारतो. मी नऊ सांगितले, नऊ बोलले, मॅनेजरने सही केली. हा दहावा कुठून आला?

मी अंदाजाने काम केलं नाही. जुन्या पॅनेलच्या दाराला आतून हौदांची यादी चिकटवलेली होती, एक ते नऊ. इतकं सुंदर अक्षर की मी फोटो काढून ठेवला. तरी मी शेडमध्ये जाऊन न्यांबुरालाही विचारलं, "हौद किती?" ती म्हणाली नऊ. मी चालत गेलो, पाट्या मोजल्या. एक ते नऊ. पुढे एक बिनपाटीचा रिकामा हौद होता. मला वाटलं, मोडीत काढलाय.

पंखा का थांबला ते सांगू शकतो. त्या जुन्या पेट्यांना एक सवय लावलेली आहे: अर्धा तास कोणी विचारपूस केली नाही, तर पंखा बंद करून गप्प बसायचं. कोणी लावली ही सवय, देव जाणे. जुनं पॅनेल त्या दहाव्याला हाक मारत असणार. माझा पूल मारत नव्हता.

दहावा पत्ता घालायला मला चार मिनिटं लागतील. पण त्यासाठी न्जोगूंची लेखी मागणी लागते, आणि ते म्हणतात की पुलात दोष नाहीच.

ते अक्षर कोणाचं गं? तुला माहीत असेल.

तुझा (पण हे पत्र न लिहिणारा),
गिथाइगा


कियांबोगो
सोमवार, १० मार्च

बाबा गिथाइगा,

नैरोबीत वाढलेल्या मुलाला विचारायचं काय म्हणा! तुझ्या आईने तुला कराटे शिकवलं, फ्रेंच शिकवलं, आणि आपली माणसं मोजतात कशी हे शिकवलं नाही.

मुंबीला मुली किती होत्या? सगळ्या किकुयू कुळांची ती आई, तिला दहा मुली. पण विचारून बघ कोणालाही. सांगतील, "नऊ, भरून." आपलं माणूस, आपली गुरं, आपली भरभराट पूर्ण दहा मोजून दाखवायची नाही, नजर लागते. म्हणून नऊ म्हणायचं आणि पुढे 'भरून' जोडायचं. ऐकणाऱ्याला कळतं. न्यांबुरा तुला नुसतं नऊ म्हणाली? मी काल तिला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, मी 'नऊ, भरून' असंच म्हटलं. त्यांनी नऊ लिहिलं आणि माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, कळलं."

तुला वाटलं, शेड भरलेली आहे असं ती सांगतेय. हो ना? लिहून कळव.

आणि तो हौद रिकामा होता कारण त्या दिवशी त्याच्या वाट्याचं पान अजून यायचं होतं, बाबा! सकाळी अकरा वाजता चहाच्या कारखान्यात रिकामा हौद पाहून त्याला मोडीत काढणारा इंजिनिअर मी पहिल्यांदा पाहिला.

आज सकाळी मी न्जोगूंकडे गेले. चांगला पोशाख घालून, टोपी घालून. म्हणाले, "मॅडम, आपण आता विश्रांती घ्यावी."

मी म्हटलं, "विश्रांती मी दफनानंतर घेईन. न्यांबुराचं पत्र मागे घ्या."

"पडदा खोटं बोलत नाही, मॅडम."

"नाही बोलत. पण ज्याची विचारपूसच करायला सांगितलेली नाही, त्याच्याबद्दल तो बोलतही नाही. तुमच्या पडद्यावर हिरवे दिवे किती आहेत? मोजा."

त्यांनी मोजले नाहीत. चहा मागवला. तोही आपल्या कारखान्याचा नव्हता, पिशवीतला होता.

न्यांबुरा माझ्या परसात बसून अरवीचे कंद सोलते आहे. घरी बसवत नाही म्हणते. तिच्या धाकट्या मुलीने ते पत्र वाचलं आणि विचारलं, "आई, हलगर्जी म्हणजे काय?"

तुझ्या यादीचं म्हणशील तर, ते अक्षर कोणाचं याला काही महत्त्व नाही. जुने कागद जुनेच असतात. तू शुक्रवारी ये आणि पूल कसा हाक मारतो ते समितीला सांग. येतोस की नाही, ते बुधवारच्या मटाटूने लिहून कळव.

मावशी


नैरोबी
मंगळवार, ११ मार्च

प्रिय मावशी,

हो, मला वाटलं शेड भरलेली आहे. लिहून कळवलं. आता हा विषय कृपा करून कोणाच्या लग्नात काढू नकोस.

मी शुक्रवारी येतोय. साहेबांना सांगितलं, दात काढायचाय. पण त्याआधी एक गोष्ट.

यादीचा फोटो मी काल मोठा करून पाहिला. खाली कोपऱ्यात बारीक लिहिलंय: 'फि. न्या., १९ ऑगस्ट १९९६'. नऊ ओळी, आखीव, पट्टी लावून. नवव्या ओळीखाली एक छोटी आडवी रेघ आणि पुढे 'भरून'. ते मी तेव्हा वाचलं, वाटलं यादी पूर्ण झाली. काढून आणलेलं जुनं पॅनेल, दारासकट, माझ्या टेबलाखालीच पडलंय, त्याला वीज देऊन उघडलं. ते दहा जणांना हाक मारतं. म्हणजे ज्या माणसाने यंत्रात दहा घातले, त्याच माणसाने कागदावर नऊ लिहिले.

मावशी, चौकशीत मला विचारतील, नऊ कुठून आणले. मी हा कागद दाखवला की सुटलो. न्यांबुराही सुटेल. पण मग गावभर तुझं नाव खराब होईल, आणि न्जोगूंना वर्षभर पुरेल एवढी मौज मिळेल.

मूळ कागद माझ्याकडे आहे. कागद हरवू शकतो. पावसाचे दिवस आहेत, माझ्या गाडीची खिडकी लागत नाही. मी म्हणेन, मीच मोजायला चुकलो. मला काय, फार तर मोंबासाला पाठवतील. तिथे समुद्र आहे.

तू म्हणशील तसं.

गिथाइगा


कियांबोगो
बुधवार, १२ मार्च

बाबा गिथाइगा,

गाडीची खिडकी लावून घे.

१९९६ साली दहावा हौद बांधला तेव्हा मी त्या विभागाची नवी प्रमुख होते. सिस्टर ॲग्नेसनी मला शिकवलं होतं की नजर वगैरे काही नसतं, असतो तो फक्त निष्काळजीपणा. मी रंगाऱ्याला पाटीवर दहा रंगवायला सांगितलं. त्याने ब्रश खाली ठेवला. जुने फिटर म्झी वारुइंगी पुढे आले, डोक्यावरची टोपी काढून म्हणाले, "पोरी, तू कॉन्व्हेंटात शिकलीस, आम्हाला अभिमान आहे. पण दहा मोजून ठेवलेस आणि उद्या कोणाचा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला, तर तुझी सिस्टर येणार आहे का इथे?"

माझ्याकडे उत्तर होतं. दिलं नाही. बाई म्हणून आधीच सगळे माझ्याकडे टक लावून होते. मी दहाव्या हौदाला पाटी लावली नाही. दाराला नऊची यादी लावली आणि खाली 'भरून' लिहिलं. मग सगळे जेवायला गेल्यावर पॅनेल उघडलं आणि आत दहा घातले, कारण यंत्राला नजर लागत नाही. दुपारी म्झी वारुइंगींनी मला त्यांच्या शिदोरीतलं भाजलेलं कणीस दिलं. ते माझं पहिलं स्वागत होतं. मला ते फार आवडलं, हे आज प्रथमच लिहिते आहे.

तेव्हापासून कारखान्याच्या प्रत्येक वहीत नऊच आहेत. मी पत्ते कुठेही लिहून ठेवले नाहीत. डोक्यात होते, पुरेसे होते. निवृत्त होताना डोकं घरी घेऊन आले.

मी तुला दोन पत्रांत झोडलं, आणि दाराला नऊची यादी मीच लावली होती, हे मला पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं. पंखा बंद पडला त्याच रात्री उशीवर डोकं टेकताना आठवलं. तरी लिहिलं.

अर्ध्या तासाची सवयही मीच लावली, ९८ साली आग लागली त्यानंतर. त्याबद्दल माफी मागणार नाही. ती बरोबर होती: लक्ष ठेवणारं पॅनेल गप्प झालं, तर पंखे फिरत राहून आगीला वारा घालू नयेत.

तुझी चूक एवढीच की बिनपाटीच्या पेटीपाशी थांबून, आत तार जाते का, हे तू पाहिलं नाहीस. तेवढी चूक तू कबूल कर. माझी तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. माझ्या वडिलांचं नाव लावतोस म्हणून माझे अपराध वाहायचे असं नाही.

मूळ कागद घेऊन ये. कोरडा.

मावशी

ता. क. मुकिमो केलेला असेल. तीन ताटं मिळतील.


कियांबोगो
शनिवार, १५ मार्च २०२५

श्री. न्जोगू,
मॅनेजर, कियांबोगो चहा कारखाना
(प्रत: श्री. गिथाइगा, नैरोबी)

महोदय,

कालच्या चौकशीचं टिपण तुमच्या कारकुनाने घेतलं. त्यात सोयीची पानं असतील. गैरसोयीचं मी इथे लिहिते.

शुक्रवार, १४ मार्च, सकाळी दहा वाजून पस्तीस मिनिटांनी मी उठून तुम्हाला विचारलं, "मिस्टर न्जोगू, आपल्या कारखान्यात पान सुकवायचे हौद किती?"

तुम्ही म्हणालात, "नऊ, भरून."

समितीतल्या सातही म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी मान डोलावली. कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं. मग मी म्हटलं, "मॅनेजरसाहेबांनी आत्ता जे उत्तर दिलं, तेच न्यांबुराने इंजिनिअरला दिलं होतं. मग निलंबनाचं पत्र एकालाच का?"

हसू आधी अध्यक्षांना फुटलं, मग बाकीच्यांना. तुम्हीही हसलात, हे तुमच्या बाजूने नोंदवते.

त्यानंतर माझ्या भाच्याने माझा कागद टेबलावर ठेवला आणि बिनपाटीच्या पेटीत आपण डोकावलो नाही हे सांगितलं. मी उठून अक्षर माझं आहे हे सांगितलं, पत्ते मी लिहून ठेवले नाहीत हेही सांगितलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं.

दुपारी दोन वाजता तुम्ही पुलाच्या दुरुस्तीची लेखी मागणी दिलीत. गिथाइगाने दहावा पत्ता घातला. चार मिनिटं म्हणाला होता, सहा लागली. दहावा दिवा हिरवा झाला आणि पंखा फिरला, तेव्हा न्यांबुरा हौदाच्या कडेला हात ठेवून उभी होती. पाटी अजून लावलेली नाही. अध्यक्षांचं म्हणणं, पुलाला दहा सांगा, पाटी कोरी ठेवा. माझी हरकत नाही. पण आता दोन्ही गोष्टी एका कागदावर लिहून, माझी सही घालून, नव्या पेटीच्या दाराला चिकटवल्या आहेत. पुढच्या इंजिनिअरची मावशी इथे असेलच असं नाही.

आणि मग तुम्ही जाताजाता न्यांबुराला म्हणालात, "चल, झालं गेलं विसर. सोमवारपासून ये."

नाही, मिस्टर न्जोगू.

तिला निलंबित करताना तुम्ही जाताजाता सांगितलं नव्हतं. कारखान्याच्या कागदावर, शिक्का मारून, दोन प्रतींत दिलं होतं. न्यांबुरा काल माझ्या परसात आली, कंद न सोलता बसली, आणि म्हणाली, "मॅडम, मी जाईन सोमवारी. पण माझ्या मुलीने ते पत्र वाचलंय. तिला आता दुसरं वाचायला पाहिजे."

तेव्हा माझ्या मागण्या अशा. न्यांबुराला तसाच कागद, तसाच शिक्का आणि तुमचीच सही असलेलं पत्र द्यावं. त्यात हलगर्जी तिची नव्हती हे सरळ लिहावं, आणि दहा वाजता तिने धोका सांगितला होता, तो ऐकला गेला नाही, हेही लिहावं. शब्द सोपे ठेवावेत. वाचणारी नऊ वर्षांची आहे. हाताने पंखा चालू करायची किल्ली आजपासून तिच्या कमरेला असावी.

दुसरं पत्र माझ्या नावाने काढावं. मी निवृत्त आहे ही सबब चालणार नाही. १९ ऑगस्ट १९९६ रोजी अपुरी यादी लावल्याबद्दल आणि पुढे निवृत्तीपर्यंत एकवीस वर्षं ती न सुधारल्याबद्दल लेखी ताकीद. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला एकही मिळाली नाही. ही माझी आहे, ती मला द्या. म्हणजे ५ मार्चला न्यांबुराला दिलेल्या पत्रातला 'हलगर्जी' हा शब्द योग्य घरी पोचेल.

दोन्ही पत्रं, दोन्ही प्रतींसह, बुधवार, १९ मार्च, दुपारी बारा वाजण्याच्या आत माझ्या घरी पोचावीत. फोन करू नये. निरोप पाठवू नये. चहाला बोलावू नये. बुधवारी बारा वाजून एक मिनिटाने मी टोपी घालून समितीच्या अध्यक्षांकडे निघालेली असेन.

लेखी उत्तराची वाट पाहते आहे.

फिलोमेना न्यागुथी